बंद झाल्यावर की बंद केल्यावर

आमच्या भागात नळाची कामं करणाऱ्या मिस्त्रींना सगळे ‘थांबा मिस्त्री’ म्हणतात. घरात पाऊल टाकलं की त्यांचा पहिला शब्द तोच असतो. “थांबा. कोणी काही सुरू करू नका, काही बंद करू नका.” मग ते लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक पाइपवर टेकवतात, मूठ उजव्या कानाला लावतात आणि डोळे मिटतात. डावा कान साबणाच्या कारखान्यातल्या बॉयलरने खाल्ला. तिथे अकरा वर्षं ते पाइपलाइन सांभाळत होते. कारखान्याला टाळं लागल्यावर घरोघरची कामं घ्यायला लागले. “तिथे फक्त पाइप बोलायचे,” ते सांगतात, “इथे पाइपाच्या आधी माणसं बोलतात. त्यातून पाइपाचं वेगळं काढावं लागतं.”

आमच्याकडे त्यांना तीन खेपा घालाव्या लागल्या, त्या याच वेगळं काढण्यापायी.

माझी थोरली बहीण, म्हणजे ताई, आठ महिन्यांपासून आमच्याकडे राहते. शाळेत तीस वर्षं भाषा शिकवून निवृत्त झाली. मेहुणे गेल्यावर मीच तिला आग्रह करून आणलं आणि मागची खोली दिली. पहाटे साडेपाचला उठून वर्तमानपत्र मोठ्याने वाचायची तिची सवय आहे. समोर वर्ग बसलाय अशा थाटात अग्रलेख वाचते. साधारण महिन्यापूर्वी, ती वाचायला लागली की तिच्या उशाकडच्या भिंतीत धाड असा आवाज व्हायला लागला. थोड्या वेळाने पुन्हा धाड.

चार-पाच दिवस ती काही बोलली नाही. मग वाचणं बंद केलं, तरी आवाज थांबला नाही. मग एका दुपारी मला म्हणाली, “अरे, मी शाळेजवळ एक खोली बघितली आहे. रविवारी जाते.”

“का? काय झालं?”

“काही झालं नाही. पाहुण्याला निघायची वेळ कळायला हवी. भिंत ठोकून सांगायची वेळ आणू नये.”

भिंतीपलीकडे न्हाणीघर आहे आणि पहाटे तिथे माझी बायको असते. ताईच्या बोलण्याचा रोख मला जरा उशिराच कळला. मी बायकोला विचारलं. ती चकित झाली. “मी कशाला भिंत ठोकू? तो पाइपाचा आवाज आहे. नळ बंद झाला की होतो. मिस्त्रींना बोलवा.”

ताईला मी हे सांगितलं. ती म्हणाली, “पाइपाला मी जागी झाल्याचं बरं कळतं.”

कोणाचं खरं मानावं हे मला समजेना. ताईला विचारून आवाजाच्या वेळा चार दिवस कागदावर टिपल्या. सगळ्या पावणेसहा ते सव्वासहाच्या मधल्या. त्या वेळी मी स्वयंपाकघरात पिण्याचं पाणी भरत असतो. ते घराचं दुसरं टोक, त्यामुळे माझ्या कानावर नीट काही येत नसे. कागदावरून काहीच उलगडलं नाही.

मंगळवारी मिस्त्री आले. बायकोने त्यांना सांगितलं, “नळ बंद झाला की भिंतीत धाड होतं.”

आमच्याकडे नळ सकाळी साडेपाचला येतो आणि साडेसातला जातो. मिस्त्रींनी मान डोलावली. नळ गेला, लाइन रिकामी झाली, आत हवा शिरली, ती हवा धडका देते, असा त्यांचा हिशेब. गच्चीवर जाऊन त्यांनी हवा निघायला एक उभा पाइप बसवून दिला. बुधवारी पहाटे ताईच्या खोलीत पुन्हा धाड, धाड.

गुरुवारी ते नळ यायच्या आधीच हजर झाले. “थांबा,” म्हणाले. आम्ही थांबलो. बायको न्हाणीघराच्या दाराशी उभी, मी रिकामी कळशी घेऊन स्वयंपाकघरात उभा, ताई पलंगावर हाताची घडी घालून. नळ आला. मिस्त्री दोन तास भिंतीला कान लावून बसले. नळ गेला. भिंतीने हूं की चूं केलं नाही.

“कमाल आहे,” मिस्त्री म्हणाले.

“कसली कमाल?” ताई म्हणाली. “मिस्त्री आले की भिंत शहाण्यासारखी वागते. वर्गात साहेब तपासणीला आले की मुलं बसायची तशी.”

बायकोने ते ऐकलं आणि तडक आत गेली. त्या दिवशी दोघी एकमेकींशी माझ्यामार्फत बोलल्या. “तिला सांग, भात झाला.” “त्यांना सांगा, मला भूक नाही.” संध्याकाळी ताईची पिशवी भरून दाराशी आली.

शनिवारी सकाळी, नळ आलेला असताना, मिस्त्री तिसऱ्यांदा आले, तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. इतक्या वर्षांत एवढ्याशा लाइनने असं कधी फिरवलं नव्हतं. शिवाय उद्या बाई जाणार, हे त्यांनाही कळलं होतं.

“बाई, तुम्हीच सांगा,” ते ताईला म्हणाले. “वहिनी म्हणाल्या, नळ बंद झाल्यावर आवाज होतो. मी दोन्ही वेळा...”

“होत नाही. करतात,” ताई म्हणाली. “आणि नळ बंद झाल्यावर नाही, बंद केल्यावर. भिंतीतून येणारा स्वयंपाकघरातल्या पाण्याचा आवाज थांबतो, की लगेच भिंतीवर धाड. झालं म्हणजे आपोआप. केलं म्हटलं की कर्ता आला. पाचवीतल्या पोरांना कळतं.”

मिस्त्री तिच्याकडे बघतच राहिले. “म्हणजे नळ गेल्यावर नाही? कोणी तोटी फिरवल्यावर?”

“तेच तर म्हणतेय.”

ते पलंगाशेजारच्या स्टुलावर बसले. “मी नळ जायची वाट बघत बसलो,” ते स्वतःशीच म्हणाले. “आणि वर सगळ्यांना थांबवून ठेवलं.” मग उठून स्वयंपाकघरात आले आणि महिन्यापूर्वी मी बसवून घेतलेला नवा नळ पाहिला. दांडीचा, पाव फेऱ्यात बंद होणारा. “साहेब, कळशी भरली की कसा बंद करता?”

मी नळ सोडला आणि दांडीवर तळहाताची चापट मारून दाखवली. मागच्या खोलीतून ताईचा आवाज आला, “हे बघा. आत्ता झालं.”

मिस्त्रींनी सांगितलं, “धावत येणाऱ्या माणसाच्या तोंडावर दार लावलं तर तो दारावर आपटणारच. पाण्याचंही तसंच आहे. बाईंच्या भिंतीतला पाइप ढिला असणार, तो मार खातोय.” मग त्यांनी असं काही केलं, की ते त्यांना कसं सुचलं हे मला अजून कळलेलं नाही. ते म्हणाले, “वहिनी, तुम्ही बाईंच्या खोलीत जाऊन बसा. बाई, तुम्ही इथे या. नळ तुम्ही बंद करा.”

ताई कुरकुरत आली. कळशी भरू दिली आणि दांडीवर माझ्यासारखीच चापट मारली.

मागच्या खोलीतून बायको बाहेर आली ती छातीवर हात ठेवून. “ताई, हे रोज?”

“रोज. सात-आठ वेळा.”

“कोणीतरी अंगावर धावून आल्यासारखं वाटतं हो. न्हाणीघरात इतकं नाही लागत. मला वाटलं, तुम्ही साध्या पाइपाच्या आवाजावरून...”

“मला तरी कुठे पाइप ठाऊक होता?” ताई म्हणाली. मग माझ्याकडे वळली. “म्हणजे भिंत ठोकणारा तू.”

“मी पाणी भरत होतो,” मी म्हणालो. कोणी लक्ष दिलं नाही.

मिस्त्रींनी पलंग सरकवून भिंतीच्या कडेची फळी काढली. आतल्या पाइपाचे दोन क्लॅम्प गंजून सुटले होते आणि पाइपाने आपटून आपटून भिंतीला खळगा पाडला होता. त्यांनी नवे क्लॅम्प आवळले, मधे रबर घातलं. स्वयंपाकघरातल्या नळाजवळ वीतभर उभा पाइप जोडून त्याचं तोंड बंद केलं. त्यात हवा राहते, पाण्याचा धक्का ती सोसते. ताईने पुन्हा चापट मारली. बायको खोलीतून म्हणाली, “काही नाही.” ताईने आणखी एकदा मारली. मला वाटतं, दुसरी चापट आवाज तपासण्यासाठी नव्हती. पण तसं विचारायची हिंमत झाली नाही.

हत्यारं पुसता पुसता मिस्त्री म्हणाले, “या पाइपातली हवा हळूहळू कमी होते, पाणी भरतं. सहा महिन्यांनी लाइन एकदा रिकामी करून घ्यावी लागेल. तोवर मागच्या खोलीत कोणीतरी कान ठेवायला हवा. साहेबांना तिथलं ऐकू येत नाही.”

बायको दाराशी ठेवलेल्या पिशवीकडे बघत होती.

“मी ठेवेन,” ताई म्हणाली.

“सहा महिने म्हणतोय मी, बाई.”

“ऐकलं. भविष्यकाळच वापरलाय मी.”

मिस्त्रींना यातलं किती कळलं कोण जाणे. ते आपल्या छोट्या डायरीत महिना लिहून घेत होते, आणि तो नक्की कोणता येतो हे बोटांवर मोजत होते.