भिंतीतली सहा भोकं

भिंतीतली सहा भोकं मी माझ्या हातानं बुजवली. कोणी सांगितलं नव्हतं. बुजवून झाल्यावर रस्त्यावर उभा राहून दहा मिनिटं बघत होतो, काम कसं झकास झालंय ते. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी वॉर्ड ऑफिसच्या साहेबाला दोष देईन असं कोणाला वाटायला नको.

घर बायकोचं. अंधेरीच्या जुन्या गावठाणात तिच्या आजोबांनी बांधलेलं, खाली एक खोली, वर दोन. ती एकुलती एक, म्हणून लग्नानंतर मीच तिच्याकडे राहायला आलो. माझ्याकडे तेव्हा होतं काय? कोकणातून आणलेली हत्यारांची पेटी आणि चौथीपर्यंतची शाळा. घरजावई म्हणून लोक चिडवायचे. मी चिडत नव्हतो, घर चांगलं होतं. वरच्या मजल्याला पुढच्या अंगानं सागवानी सज्जा होता, रस्त्यावर बाहेर आलेला. भिंतीतून सहा तुळया बाहेर काढलेल्या, त्यांच्यावर फळ्या, पुढे कठडा. बायकोचं लहानपण त्या सज्ज्यात गेलं. जेवायची तिथे, रुसायची तिथे.

लग्नाला वर्ष झालं आणि तुळयांना वाळवी लागलेली दिसली. सासरे म्हणाले, कोणाच्या डोक्यावर पडायच्या आधी उतरव. मी उतरवला. तुळया भिंतीतून उपसल्या, आतली टोकंसुद्धा भुसा झाली होती. सज्ज्याचं दार फळ्या ठोकून बंद केलं. बायको खाली रस्त्यात उभी राहून बघत होती. मी म्हटलं, पाऊस सरला की नवा घालतो. भोकं मुद्दाम तशीच ठेवली, त्यांच्यातच नव्या तुळया बसवायच्या म्हणून.

पाऊस सरला. तसे तीसेक पाऊस सरले. मला स्टुडिओत सेट उभारायचं काम लागलं होतं. किती सज्जे केले म्हणून सांगू. हवेल्यांचे, महालांचे, चाळींचे. शूटिंग संपलं की आम्हीच मोडायचे. नव्या फळीला शंभर वर्षं जुनी करायची कलाही तिथेच शिकलो. चहाचं पाणी, काजळी, थोडा गेरू, वरून ओल्या गोणपाटानं पुसून घ्यायचं. घरचा सज्जा तेवढा राहिला. बायको आधी विचारायची, मग विचारेनाशी झाली. भोकांत चिमण्या घरटी करायच्या. ती म्हणायची, बरं झालं, कोणी तरी भाड्यानं घेतलं.

मग तिचे गुडघे गेले. जिना लाकडी, शिडीसारखा उभा. एकदा वर चढली ती दोन वर्षं खाली उतरली नाही. पुढच्या खोलीची खिडकी उंचावर, बसलेल्या माणसाला आभाळ दिसायचं आणि विजेची तार. घरोघर तेव्हा रंगीत टीव्ही येत होते, म्हटलं आपणही घेऊ. तर म्हणाली, त्यातली माणसं मला ओळखतात का? मासळीवाली खालून ओरडायची, ही वरून ओरडायची, भाव ठरायचा, पण दोघींना एकमेकींचं तोंड दिसायचं नाही. एक दिवस तांदूळ निवडता निवडता म्हणाली,

"माझा सज्जा मला परत घाला. मरायच्या आधी मला रस्ता दिसला पाहिजे."

मी लगेच लाकूड बघायला निघालो होतो. शेजाऱ्यानं अडवलं. म्हणाला, वेडा आहेस काय, सज्जा रस्त्यावर बाहेर येतो, आधी वॉर्ड ऑफिसात विचार, नाहीतर घातलेला दुसऱ्या दिवशी उतरवतील. म्हणून गेलो. तिथल्या इंजिनीयर साहेबानं ऐकून घेतलं. तरुण माणूस, पण तुसडा नव्हता. त्यानं मला नियम सांगितला. रस्त्यावर बाहेर येणारं नवं काही बांधता येणार नाही. पण जुन्या घराला आधी असलेलं, मग पडलेलं किंवा काढलेलं, असं काही असेल तर ते परत बसवता येतं. होतं तसंच, होतं तेवढंच. बोटभर जास्त नाही. आणि ते होतं याचा पुरावा पाहिजे.

फोटो आहे का, त्यानं विचारलं. घराचा फोटो कोण काढतो? आमच्या लग्नाचाच एक आहे, तो दुकानात पडद्यासमोर बसून काढलेला. जुना नकाशा? नाही. मग तो म्हणाला, ठीक आहे, गुरुवारी मी येऊन समोरची भिंत बघतो.

एवढंच म्हणाला. भिंत बघतो. कशासाठी ते मी विचारलं नाही, आणि तोही बोलला नाही.

घरी येऊन मी प्लायवुडच्या तुकड्यावर पेन्सिलनं सज्जा काढायला घेतला. कठड्याला मी जरा नक्षी काढली, तर बायकोनं हातातली पेन्सिलच काढून घेतली. म्हणाली, तसंच पाहिजे म्हणालाय ना साहेब? मग तसंच काढा. कठड्याच्या उभ्या पट्ट्या किती अंतरावर, हे तिला नीट ठाऊक होतं. पाच वर्षांची असताना तिचं डोकं त्यांच्यात अडकलं होतं. कानांना साबण लावून काढलं होतं म्हणे. "माझं तेव्हाचं डोकं आत जाईल, पण बाहेर येणार नाही, एवढं अंतर ठेवा," म्हणाली आणि इतकी हसली की तिला ठसका लागला. रुंदी तिनं वितीनं सांगितली, उंची हनुवटीनं. दोन वर्षांत तिला एवढी बोलताना मी ऐकलं नव्हतं.

बुधवारी मी खाली उतरून साहेबाच्या नजरेनं भिंतीकडे बघितलं. सहा भोकं, कडा झडलेल्या, आतून गवत बाहेर आलेलं. मागच्याच गल्लीत एका घरावर धोकादायक म्हणून नोटीस चिकटवून गेले होते, आठवड्यात त्या घरच्यांना सामान काढावं लागलं होतं. म्हटलं, साहेब बघणार की ही भिंत सज्जा पेलेल का. भोकं दिसली की वाट लागली. सज्जा राहिला बाजूला, घरच जायचं.

शिडी लावली. घरट्यांत अंडी नाहीत हे बघून ती काढली, भोकं आतून खरवडून साफ केली. प्रत्येक भोकात विटा घट्ट ठोकून बसवल्या, वर चुन्याचा गिलावा दिला. नवा गिलावा उठून दिसला असता, म्हणून मग सगळी कला वापरली. चहा, काजळी, गेरू, गोणपाट. संध्याकाळपर्यंत भिंत अशी झाली की भोकं कुठे होती ते तिच्या आजोबांनासुद्धा सांगता आलं नसतं. आतून बायको विचारत होती, कसली ठोकाठोक चाललीय? मी म्हटलं, डागडुजी.

गुरुवारी साहेब आला. हातात टेप, वही. रस्त्यावर उभा राहिला, भिंतीकडे बघितलं, डावीकडे गेला, उजवीकडे गेला. शिडी मागितली, वर चढला, हातानं चाचपलं. खाली उतरून मला म्हणाला,

"मिस्त्री, तुळयांची भोकं कुठायत?"

मी हसलो. खरंच हसलो. अभिमानानं सांगितलं, काल बुजवली साहेब, भिंत आता एकदम मजबूत आहे.

त्यानं उघडलेली वही मिटली. मग हळू म्हणाला, "अहो, ती भोकंच तर तुमचा पुरावा होती. मी तीच मोजायला आलो होतो."

मी पेटीतली छिन्नी घेतली, शिडीवर चढलो आणि गिलावा फोडला. विटा उपसल्या. म्हटलं, बघा साहेब, हे बघा भोक, इथे तुळई होती. त्यानं वर येऊन आत बघितलं. आत लाकडाचा कण नाही, वाळवीचा माग नाही, मी सगळं खरवडून साफ केलं होतं. कडेला माझ्या छिन्नीचे ताजे वार.

तो म्हणाला, "हे भोक आत्ता माझ्यासमोर तुम्ही पाडलंत. आणि नवं काम जुनं कसं दिसतं, तेही तुम्हीच मला दाखवलंत. आता मी वहीत काय लिहू?"

मी हात जोडले. बायकोच्या गुडघ्यांचं सांगितलं, तिच्या डोक्याचं आणि साबणाचंसुद्धा सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, काका, मला पटतंय. पण मला जे दिसतं तेच लिहावं लागतं. उद्या प्रत्येक जण भोक पाडून सज्जा मागेल. चहा घ्या म्हटलं तर नको म्हणाला, टेप गुंडाळली आणि गेला.

तो चुकला असं मी आजही म्हणत नाही. तेच तर सलतं. कोणी चुकलं असतं तर त्याच्याशी भांडलो असतो.

वर गेलो. तिनं खिडकीतून सगळं ऐकलं होतं. आता शिव्या खायच्या म्हणून मी उभा राहिलो. ती म्हणाली, बसा, पाणी घ्या. मग म्हणाली, "इतकी वर्षं तुम्ही ती भोकं बुजवली नाहीत ना, म्हणून मी गप्प होते. म्हटलं, विसरला नाही हा माणूस."

मी म्हटलं, चार दिवसांत उभा करतो, परवानगी गेली खड्ड्यात. ती नको म्हणाली. उतरवायला येतील. उतरवताना एकदा बघितलाय, पुन्हा बघायचा नाही.

महिन्याभरानं ऑफिसचा कागद आला. तिला वाचता येत नव्हतं, मला अक्षर लावून वाचावं लागतं. तिच्या उशाशी बसून वाचला. लिहिलं होतं की समोरच्या भिंतीची पाहणी केली असता, सदर घराला पूर्वी सज्जा असल्याची कोणतीही खूण आढळली नाही.

"परत वाचा," ती म्हणाली.

परत वाचला. तेच होतं.

ती भिंतीकडे बघत होती, जिथे फळ्या ठोकलेलं दार होतं तिथे. पुढे ती दीड महिनाच होती, पण ते तेव्हा दोघांनाही माहीत नव्हतं. तिला राग आलेला नव्हता. एखादं पोर खरंखुरं विचारतं तसं तिनं विचारलं,

"मग मी बसायचे ती कुठे?"

कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि चहा टाकायला उठलो.