जुंपून बघितलेलं लिनक्स

बदलाला भिणारी माणसं जगात पुष्कळ, बदलाची वाट बघत बसणारीही पुष्कळ. पण बदलाला दारातच थांबवून, त्याचे दात मोजून, चार पावलं चालवून मगच घरात घेणारा माणूस मी एकच पाहिला. तो म्हणजे माझा थोरला साडू. आम्ही लातूरला, ते नांदेडला. उभी नोकरी त्यांनी जनावरांच्या सरकारी दवाखान्यांत काढली. देवणी झालं, जळकोट झालं, माहूर झालं. दर बदलीला कपाट, पाळणा आणि औषधांची पेटी घेऊन ते नव्या गावात हसतमुखानं उतरले. निवृत्त झाल्यावर गायीबैल सुटले, पण तपासायची सवय काही सुटली नाही. फ्रिजला कान लावून ते त्याची तब्येत सांगत. माझ्या स्कूटरच्या इंजिनावर तळहात ठेवून एकदा म्हणाले, "ताप हाय साडू हिला, आज नका नेऊ." मी नेली, आणि अहमदपूरच्या अलीकडे तीन तास बसून राहिलो. तेव्हापासून मी त्यांच्या निदानावर हसत नाही, निदान तोंडावर तरी नाही.

विंडोजच्या जागी फुकटात चालणारं ते लिनक्स त्यांना कुठं भेटलं, कुणी सांगितलं, हे मला आजवर कळलेलं नाही. एका दिवाळीत ते आमच्याकडे आले ते खिशात पेन ड्राइव्ह घेऊनच. माझा लॅपटॉप उघडला, पंख्याचा आवाज ऐकला आणि निकाल दिला, "विंडोजचं ओझं झेपून न्हाई राहिलं याला." मी घाबरलो. माझ्या शाळेचे सगळे पेपर त्यात होते. "हात लावत न्हाई आत," ते म्हणाले. "बाजारातून बैल आणताना आपण काय करतो? दात बघतो, चालवून बघतो, गाडीला जुंपून बघतो. मग पैसे देतो. हे पेन ड्राइव्हवरूनच चालवून बघायचं. आवडलं तर ठेवायचं, न्हाईतर पेन ड्राइव्ह काढून घ्यायचा. तुमचं विंडोज तसंच्या तसं."

ती दिवाळी माझ्या चांगलीच लक्षात आहे, कारण चकलीच्या ताटाशेजारी बसून त्यांनी मला अनोळखी सिस्टीमवर कसं वागावं याचे धडे दिले. त्यांचा पहिला धडा बंद कसं करायचं याचा. नव्या गावात उतरलं की परतीची गाडी किती वाजता ते आधी विचारायचं, मग बाकीचं गाव बघायचं. दुसरा धडा, सगळ्या फायलींची एक प्रत बाहेर काढून ठेवायची, आणि ती खरंच उघडते का ते दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर बघायचं. तिसरा, जुने प्रोग्रॅम नावानं शोधत बसायचं नाही. आपल्याला काम काय करायचंय ते विचारायचं, त्या कामाचा माणूस नव्या गावातही असतोच. मग त्यांनी ती माणसं दाखवली. पत्र लिहायला आणि मार्कांचे तक्ते करायला फुकटातलं ऑफिस, गाणी आणि सिनेमे लावायला रस्त्याच्या कामावर ठेवतात तसल्या नारिंगी शंकूचं चित्र असलेला प्लेअर, फोटोंना एक, पीडीएफला एक. "आणि दोन्ही शेजारी बांधायची महिनाभर," असं सांगून त्यांनी लॅपटॉप सुरू होताना विंडोज की लिनक्स असं विचारायची सोय करून दिली. माझ्या बायकोनं विचारलं, "भाऊजी, जेवायला कधी बसता?" तर म्हणाले, "प्रिंटर ओळख देतो का बघतो आन् आलोच." प्रिंटरनं ओळख दिली तोवर वरण दोनदा गरम झालं होतं.

हे सगळं गमतीचं होतं, कारण माझं काही अडत नव्हतं. अक्कांचं तसं नव्हतं.

अक्का म्हणजे साडूंची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण. कचेरीत मराठी टायपिस्ट होत्या. चार वर्षांपूर्वी हैदराबादला त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं; जीव वाचला, आवाज गेला. पहिले काही महिने त्या कागदावर लिहून दाखवत, पण लिहून भांडता येत नाही. वाक्य पुरं होईपर्यंत भांडण निवून जातं. मग साडूंनी आतल्या खोलीतला जुना कॉम्प्युटर हॉलमध्ये आणला आणि अक्षरं हरभऱ्याएवढी मोठी करून दिली. अक्कांची बोटं टाइपरायटरवर घडलेली, कीबोर्डकडे बघायची गरज नाही. आपण बोलतो त्या वेगानं त्या टाइप करतात. फक्त भाषा कचेरीतली राहिली. "उपरोक्त विषयी आपले लक्ष वेधण्यात येते की, दूध उतू गेले आहे," असं पडद्यावर उमटायचं आणि साडू स्वयंपाकघराकडे पळायचे. "वारंवार तोंडी सूचना देऊनही" हे शब्द त्या अजून वापरतात, आणि वापरताना स्वतःच हसतात. त्या हसण्यालाही आवाज नसतो, खांदे तेवढे हलतात.

गेल्या वर्षी एका सकाळी तो कॉम्प्युटर उठलाच नाही. आतली डिस्क गेली होती. दुकानदार म्हणाला, नवीन डिस्क घालून देतो, पण नवं विंडोज या डब्याला पेलणार नाही, आणि अक्कांचं टायपिंगचं सॉफ्टवेअर इतकं जुनं की ते आता नव्या मशीनवरही चालायचं नाही. डबा भंगारात द्या. साडूंना राग आला तो भंगार या शब्दाचा. नवी डिस्क घालून त्यांनी डबा घरी आणला, लिनक्सच्या निरनिराळ्या जाती एकामागून एक पेन ड्राइव्हवरून चालवून बघितल्या, आणि त्यातली एक गरीब स्वभावाची, कमी खाणारी निवडली. इतके दिवस अक्का गप्प होत्या. गप्प म्हणजे खरोखर गप्प. कागद समोर ठेवला तर बाजूला सारायच्या. माझ्या बायकोचा फोन आला तर नुसत्या कानाला लावून बसायच्या, आणि फोनवर नखानं टकटक करायच्या. ते ऐकून इकडे माझी बायको पदर डोळ्याला लावायची.

आम्ही भेटायला गेलो त्याच दिवशी साडूंनी सगळं तयार ठेवलं होतं. सेटिंगमध्ये मराठी कीबोर्ड घातला होता, अक्षरांचा छापील तक्ता भिंतीला डकवला होता. तक्त्याकडे बघत बघत, एका बोटानं, त्यांनी आमच्यासमोर 'नमस्कार' उमटवून दाखवला आणि पेढ्यांचा पुडा उघडला. अक्का खुर्चीत बसल्या, दोन्ही हात ठेवले आणि नेहमीच्या वेगानं एक लांब वाक्य लिहिलं. पडद्यावर अक्षरं सगळी मराठीच होती, पण शब्द एकही नव्हता. त्यांनी पुसलं, पुन्हा लिहिलं, हळू लिहिलं. तेच. कीबोर्डवर अक्षरांच्या जागाच बदलल्या होत्या; बोट 'क'वर पडे आणि पडद्यावर भलतंच काही येई. मग अक्कांनी मान खाली घालून स्वतःच्या हातांकडे पाहिलं. माझ्या आठवणीत तरी कीबोर्डकडे बघून त्यांनी कधी टाइप केलं नव्हतं. त्या उठल्या आणि आत गेल्या. पेढा कुणीच खाल्ला नाही.

साडू बराच वेळ त्या पडद्यासमोर उभे होते. मग म्हणाले, "सगळं तपासलं साडू. दात बघितले, चाल बघितली. गाडी कुणाला हाकायचीय तेच इसरलो." त्यांच्या तोंडून हरल्यासारखं काही मी त्याआधी ऐकलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. मी म्हणालो, नवा कॉम्प्युटर घेऊ, कुणाला तरी विचारू. ते म्हणाले, "बोटं नवीन मिळत्यात का?"

पुढचे दिवस त्यांनी कसे काढले ते अक्कांकडूनच नंतर कळलं. नांदेडातल्या एका बंद पडलेल्या टायपिंग इन्स्टिट्यूटच्या सरांना त्यांनी हुडकून काढलं. त्यांच्याकडून टाइपरायटरवरची अक्षरांची जुनी मांडणी समजून घेतली. लिनक्समध्ये ती मांडणी होती, पण इंटरनेटवरून वेगळी उतरवून घ्यावी लागत होती, आणि कुठून उतरवायची हे विचारायला त्यांनी कुठल्या कुठल्या मंडळींना ओळखपाळख नसताना मामा-काका करून टाकलं. मांडणी बसली तरी काही जोडाक्षरं चुकत होती; ती एकेक करून दुरुस्त केली. या वेळी त्यांनी स्वतः एकही अक्षर टाइप करून बघितलं नाही. अक्कांना बोलावलं आणि स्वतः अंगणात जाऊन तुळशीला पाणी घालत राहिले. घातलेलंच पाणी पुन्हा घालत राहिले. आतून कीबोर्डचा आवाज आला, तो थांबेचना. बऱ्याच वेळानं आत जाऊन बघतात तर पडदा भरला होता, आणि पहिली ओळ होती, "आपल्या गैरहजेरीत साचलेला मजकूर खालीलप्रमाणे."

एवढ्यावर थांबले तर ते साडू कसले. लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवणारं एक अॅप त्यांनी शोधलं आणि लातूरला फोन लावून तो कॉम्प्युटरसमोर धरला. पलीकडून पत्र्याच्या डब्यात कुणी तरी बोलावं तसा पुरुषी आवाज आला, "मी अक्का बोलत आहे." माझी बायको आधी दचकली, मग हसायला लागली आणि मग रडायला. पलीकडे पुन्हा टाइप केल्याचा आवाज, आणि या वेळी वाचणारा आवाज साडूंचा, "हा मनुष्य कोण आहे? त्यास बंद करावे. तुम्ही वाचा."

तेव्हापासून दर रविवारी फोन येतो. अक्का लिहितात, साडू वाचतात. स्वतःच्या तक्रारीसुद्धा, एकही शब्द न गाळता. "यांनी काल पुन्हा शेजारच्यांचा मिक्सर उघडून ठेवला आहे," हे ते असं वाचतात की जणू दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय. त्या घोगऱ्या, पान खाल्लेल्या आवाजाला माझी बायको "हो अक्का, खरंय अक्का" म्हणत तासभर उत्तरं देते. सुरुवातीला मला हसू यायचं, आता येत नाही.

मागच्या रविवारी वाचता वाचता ते मधेच थांबले. आम्हाला वाटलं, फोन कटला. बायकोनं दोनदा हाक मारली. "हाय की, इथंच हाय," ते म्हणाले. "पुढचं मला वाचता येत न्हाई."

"का? चुकीचं उमटलंय का काही?"

"न्हाई, बरोबर उमटलंय. माझ्याबद्दल चांगलं लिवलंय तिनं. आपल्याच तोंडानं कसं वाचावं माणसानं?"

माझी बायको म्हणाली, "नका वाचू भाऊजी. लिहू द्या तिला." मग आम्ही दोघं फोन मधे ठेवून कीबोर्डचा आवाज ऐकत बसलो, आणि अक्का पलीकडे कितीतरी वेळ लिहीत होत्या.