जास्तीचा मणी

पौषातली थंडी अमळनेरच्या गल्लीत अजून आखडून बसलेली, तोवर जरीनाबीनं पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून त्यावर मेण ओढलंही होतं. बायकांच्या गळ्यातल्या मण्यांच्या पोती गाठून देणं हे तिच्या घरचं पिढ्यांचं काम. पुढे बाजारात तयार पोती आल्या आणि ओटा सुना झाला; पण तेव्हा, शहाण्णव-सत्त्याण्णवात, सणासुदीला तिथं टेकायला जागा नसे.

त्या सकाळी मात्र ओट्यावर कॉलेजचे हिलाल सर होते, आणि हातात तिनंच ओवलेली चार रंगांची माळ. कॉम्प्युटर सगळं शून्य आणि एकात लिहितो. तेच सजीवाच्या डीएनएतल्या चार अक्षरांत लिहिलं, तर चिमटीत अख्खी लायब्ररी मावेल, असं परदेशात कोणी करून बघतंय म्हणे. ते पोरांना समजावं म्हणून सरांनी त्या चार अक्षरांना चार रंग देऊन मण्यांत गावाचं नाव लिहवून घेतलं होतं. चार मण्यांचं एक इंग्रजी अक्षर. दुपारी प्रदर्शन.

“जरीनाबी, अर्धं नाव बरोबर. पुढे नुसतं येडंगबाळं!”

जरीनाबीनं मान खाली घातली. “एक मणी जास्तीना शे, सर. बरकतना. मधोमध लावानाच, सासूनी शिकाडेल.”

“अहो, एक घुसला की पुढचे बठ्ठे, सगळेच सरकले! काढा तो.”

तिचा हात थबकला. सासूनं, साबेराबीनं, बोट धरून ओवायला शिकवलं होतं. घातलेला मणी परत काढलास तर हातची बरकत जाईल, असं ती म्हणे. आणि न काढावा, तर भर प्रदर्शनात जरीनाबीच्या हातानं गावाच्या नावाचा चिवडा.

“काढ वं माय,” पोत घ्यायला आलेली कमलबाई म्हणाली, “तुनी बरकत काय कॉलेजमा नाव घाली?”

जरीनाबीनं गाठ सैल केली, मणी काढला. पण डबीत टाकवेना. तळहातावर धरून बसली. मग हळूच म्हणाली, “सर, शेवटनी गाठ मारीसन, तेन्हा पुढे लावू?”

सरांनी डोकं खाजवलं. “गाठीपुढे कोणी वाचत नाही. लावा!”

तिनं गाठ आवळली, पुढे तो मणी अडकवला. सरांनी तिथंच एकेक मणी सरकवत मोठ्यानं वाचलं. अमळनेर. पूर्ण.

माळ घेऊन सरांची सायकल कोपऱ्यावर वळली. नळाला पाणी आलं होतं. जरीनाबीनं रिकामा हंडा काखेत घेतला.