गॅलप, घोडी आणि श्रावणीचा डावा पाय

परवा शनिवारी शाळा सुटल्यावर सहा मुलींना घेऊन घोडी बघायला गेले. संमेलनाला दहा दिवस राहिलेत आणि आमचा नाच काही केल्या बसत नव्हता...

मी सात रस्त्याजवळच्या एका शाळेत शिकवते. यंदा हौसेने 'गॅलप' हा युरोपातला जुना नाच घेतला. दोन ओळी समोरासमोर उभ्या राहून एकाच बाजूला धावतात, एक पाय पुढे सरकतो आणि दुसरा त्याचा पाठलाग करतो.

फ्रेंच, जर्मन, इटालियन, रशियन... उच्चार थोडाफार बदलतो, पण घोड्याच्या चौखूर धावण्याला आणि या नाचाला सगळीकडे एकच शब्द. वर्गात हे सांगितलं तर मुली म्हणाल्या, "मॅडम, मग घोडीच बघू की!"

शाळेमागे सदूमामा राहतात. मूळचे नातेपुत्याकडचे, वरातीच्या घोड्यांना नाच शिकवतात. त्यांनी घोडी लांब दोरीवर गोल पळवून दाखवली आणि म्हणाले, "आता तुमचं दावा की."

मोबाईलवर गाणं लावलं. चौथ्या पावलाला आमची श्रावणी नेहमीप्रमाणे शेजारणीवर आदळली. तीन आठवडे हेच चाललं होतं. ओरडून ओरडून माझा घसा बसला होता, आणि सोमवारी तिला नाचातून काढायचं मी मनाशी ठरवलं होतं. तिच्या आईने ड्रेस शिवून ठेवलाय, हे माहीत असूनही...

मामा तिच्या पायांकडेच बघत होते. "मॅडम, पोरगी चुकत न्हाय. तिचा डावा म्होरं पडतोय. घोड्यांचंबी तसंच असतंय, कुनाचा डावा, कुनाचा उजवा. तिला तिकडच्या वळीत घाला की."

श्रावणीची ओळ उजव्या पायाने सुरू होते, समोरची डाव्याच. मीच शिकवलेलं! पण शाळेच्या सवयीप्रमाणे मी मुलींना उंचीनुसार उभं केलं होतं. पाय कोणी बघितलेच नव्हते.

श्रावणीला पलीकडे नेलं आणि तिथल्या सायलीला इकडे आणलं, तिला कुठलाही पाय चालतो. गाणं संपलं तरी एकही धक्का लागला नाही. मुलींनी टाळ्या वाजवल्या, घोडी बिचारी दचकली.

परत येताना श्रावणी माझ्या शेजारी येऊन हळूच म्हणाली, "मॅडम, म्हणजे आता मी राहणार ना?"

तिला काढायचं मी कोणालाच बोलले नव्हते... तरी तिला माहीत होतं. खूप लाज वाटली. तिथेच, सगळ्यांसमोर तिला सॉरी म्हटलं.

मामा, थँक्यू. मी तीन आठवडे तिच्या चुका बघत होते, तुम्ही पाच मिनिटं तिला बघितलंत.