बोरीचा उपास आणि मार्थामावशीची पट्टी

पुण्यात आमच्याकडे लेंटचा, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांचा उपास म्हणजे मटण बंद, बस्स. मला भूक सोसत नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे मी दिवसभराच्या उपास-प्रार्थनेसाठी थेट परभणी जिल्ह्यातल्या बोरीला निघाले, तेव्हा नवरा पोट धरून हसला आणि त्याने माझ्या पिशवीत बिस्किटांचे पुडे कोंबले.

बोलावणं मार्थामावशीचं होतं. बोरीच्या छोट्याशा ख्रिस्ती मंडळीत गाणं सुरू करायचं ते मावशीनेच. ह्या बोलावण्याच्या चार महिने आधी तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ गेली, पण तिचा तो उंच, खणखणीत आवाजही गेला. डॉक्टर म्हणाले, आता आहे हाच आवाज. मंडळी काही ऐकेनात, त्यांनी तिच्या आवाजासाठी शुक्रवारचा उपास धरला. "ये गं," मावशी फोनवर घोगऱ्या आवाजात म्हणाली. "ह्या बारीला आवाज आला न्हाई तर मी गाणं सोडणार. मागं बसंन गुमान." तिचं हे ऐकून मी आतून हलले आणि तिकीट काढलं.

गुरुवारी सकाळी रेल्वेनं परभणीला उतरले. तुम्ही गेलात तर स्टेशनाबाहेर सुशीला खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ नका. भिजवलेल्या मुरमुऱ्यांना कांदा-मिरचीची फोडणी आणि वर शेंगदाण्याचा कूट. दुसऱ्या दिवशीची भरपाई म्हणून मी दोन प्लेटी हाणल्या. बसस्थानकातून जिंतूरकडे जाणारी एसटी पकडायची, बोरी वाटेतच लागते. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खर्च किरकोळ. मार्चचं ऊन मात्र किरकोळ नाही, टोपी आणि पाण्याची बाटली हवीच. खिडकीबाहेर काळी रानं आणि कडब्याच्या गंजी दिसत राहतात.

शेजारच्या बाईंनी विचारलं, "कोणाकडं चाललाव?"

"मावशीकडे. उद्या उपास आहे."

"मंग मजाच की! उपासाला तर लयच खायला मिळतंय."

मी हसून मान डोलावली. बोरीच्या ह्या उपासात पाण्याशिवाय काही नसतं, हे सांगताना मलाच रडू आलं असतं.

शुक्रवारी सकाळी आम्ही पत्र्याच्या प्रार्थनाघरात जमलो. चटया, समोर टेबलावर लाकडी क्रूस, कोपऱ्यात पेटी. चार वाजता गुळाचं पाणी पिऊन उपास सोडायचा, तोवर प्रार्थना. एक जण मोठ्याने प्रार्थना करतो आणि बाकीचे हळूहळू त्याच्यात मिसळत जातात. आमच्या पुण्याच्या चर्चमध्ये सगळं छापील क्रमानं चालतं, त्यामुळे आधी मी बावरले. मग माझेही ओठ हलायला लागले. गाणं मात्र एकही झालं नाही. मावशी गाईपर्यंत उपास-प्रार्थनेत कुणी गायचं नाही, असं मंडळीने तिच्या मानाखातर ठरवलं होतं. मावशी मान खाली घालून बसली होती. तो मान तिला किती जड होत होता, ते मला दिसत होतं.

दुपारी माझं डोकं ठणकायला लागलं आणि नेमका तेव्हाच शेंगदाण्याच्या आमटीचा वास आला. दारात मावशीची शेजारीण धुरपदाबाई उभी होती. शेळ्या-मेंढ्या राखणारं हे घर. तिच्या डोक्यावर पातेलं, हातात डबा.

"अक्काच्या आवाजासाठी उपास धरलाव म्हणं. भगर-आमटी आणलीय. खा बगा गरम गरम."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. पास्टर अवघडून म्हणाले, "बाई, आमच्या उपासाला काईच चालत न्हाई."

"भगर बी न्हाई? मंग कसला वो तुमचा उपास!" ती हसली खरी, पण चेहरा उतरला. भर उन्हात चुलीपुढे बसून रांधलं होतं तिने.

ती वळणार इतक्यात मावशी उठली. तिने पातेलं आणि डबा घेऊन क्रूसापुढे ठेवला, पहिल्या पिकाचं अर्पण ठेवतात तसा, आणि धुरपदाबाईला हाताला धरून शेजारी बसवलं.

"बरं, मंग मी बी चारलाच खाईन," धुरपदाबाई पदर सावरत म्हणाली. "पर गाणं का व्हईना? अक्काचं गाणं आइकत मी शेरडं बांधायचे. चार महिने झालं, समदं मुकं वाटायलंय."

"आवाज गेला ना माजा," मावशी पुटपुटली.

"मंग आत्ता बोलायलाव ते काय हाय?"

आधी कुणीच हसलं नाही. मग मावशीच फिस्सकन हसली. डोळे पुसून तिने सूर लावला, खरखरीत आणि पार खाली. पास्टर पेटीवर तिला शोधायला लागले. "अजून खाली वो," मावशी म्हणाली. ते एकेक सूर उतरत गेले आणि एकदाचे सापडले. किनऱ्या आवाजाच्या बायका तिथवर उतरताना अडखळल्या, खोकल्या, हसल्या, पण उतरल्या. धुरपदाबाई डब्याच्या झाकणावर ठेका धरून बसली. पत्रा दणाणला. मी गात होते आणि रडत होते, भूक कुठे गेली कळलंच नाही. तिथे बसून मला खूप खूप आनंद झाला.

चार वाजता गुळाचं पाणी घेतलं आणि मग भगर-आमटी. इतकी चविष्ट भगर मी जन्मात खाल्ली नव्हती.

पुण्याला येऊन महिना झाला. दर शुक्रवारी निदान दुपारपर्यंत उपास करते, नवरा अजून चिडवतोच. भूक लागली की मला बोरीतल्या त्या बायका आठवतात, हसत हसत खाली उतरणाऱ्या. परवा मावशीला फोन केला. मागून पेटीचा आवाज येत होता.

"मावशी, आवाज सुधारला का गं?"

"न्हाई बाई, हाय तसाच हाय," मावशी खुशीत म्हणाली. "आता समदी मंडळीच माज्या पट्टीत गायाय लागलीय."