माणिकच्या नावाची भाकर

रूथक्का प्रार्थना करताना कधीच डोळे मिटत नव्हती.

"मिटले तर भाकर जळंल की गं!"

ती वारली, तो आजचा दिवस. तारीख आली की मला अजून तापल्या तव्याचा वास येतो.

रूथक्का माझी थोरली नणंद. नवरा लवकर वारला, म्हणून भावाकडं, म्हणजे आमच्याच घरी राहायची. गाव कमलनगरच्या अलीकडचं, लहानसं. राज्याचं म्हैसूर जाऊन कर्नाटक नाव नुकतंच झालेलं, तेव्हा मी उदगीरकडून लग्न होऊन आले.

माहेरी आमची भक्ती रविवारची. चांगल्या लुगड्यासारखी घडी घालून पेटीत. सोमवारी कोण काढतंय?

इथं बघते तर ही बाई चुलीपुढं एकटीच भाकरी थापायली, आणि कुणाशी तरी बोलायली.

मला वाटलं, डोक्यात काही फरक आहे.

दुसऱ्या दिवशी जवळ सरकून ऐकलं. एका भाकरीला एक नाव!

"प्रभू, ही दाविदची. त्याचा खोकला बघ जरा." (दावीद म्हणजे आमचे हे.) थप थप थप.

"ही शेजारच्या फातिमाबीच्या लेकीची. पहिलं बाळंतपण हाय, लेकरू सुखरूप येऊ दे."

"ही गिरणीवाल्याची. पीठ मारतो मेला, त्याला अक्कल दे."

मला हसू आवरेना. "अक्का, ही प्रार्थना हाय का गाऱ्हाणं?"

"दोन्ही बी. ऐकणारा एकच हाय."

मला विचारायची लई खोड. म्हणलं, "गुडघे कामून टेकत न्हाईस?"

"मग चुलीपुढं मी काय हुबी ऱ्हायले व्हय?"

"बरं, पीठ एवढंसंच कामून आणतीस? सारखे गिरणीला हेलपाटे."

"ज्वारीचं पीठ शिळं झालं की विरी जाती, चिकटपणा ऱ्हात न्हाई. मग कितीबी मळ, भाकर फाटतीच. इस्वासाचं बी तसंच हाय बग. माझ्या आईनं दळल्याल्या पिठावर माझी भाकर कशी व्हावी? माझं मलाच दळाया लागतंय."

आता हे शिक्षण मला कुठल्या शाळेत मिळणार होतं?

पण एक गोष्ट काही केल्या कळेना.

तिची शेवटची भाकर रोज फाटायची.

त्या भाकरीचं नाव ती तोंडातल्या तोंडात घ्यायची. फाटकी भाकर मग स्वतःच खायची. शेवटी मी कान लावून ऐकलं. नाव होतं माणिक.

माणिक म्हणजे तिचा मधला भाऊ, माझे दीर. त्यांनी बुद्धाची दीक्षा घेतलेली, कमलनगरात सायकलचं दुकान. आईच्या मातीला ते आले होते. आमची गायनं झाली, तसं म्हणाले, "आईसाठी मी बी माझी वंदना म्हणतो." रूथक्का सगळ्या भावकीपुढं ओरडली, "इथं तुझं काही चालायचं न्हाई!"

त्यांनी मूठभर माती टाकली आणि गेले. ते परत उंबऱ्याला आलेच नाहीत.

हे सगळं मला ह्यांच्याकडून कळलं. दुसऱ्या दिवशी मी परत चुलीपाशी.

"अक्का, पीठ तर एकच हाय. मग हीच भाकर कामून फाटायली?"

तिचा हात परातीत थांबला.

"पिठाला विरी हाय गं," म्हणाली. "मलाच न्हाई."

पुढं एका रविवारी बिदरहून पाद्रीसाहेब आले. चार-सहा महिन्यांनी एकदा यायचे, तेव्हाच प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत मोडलेल्या भाकरीचा तुकडा मिळायचा. अक्का त्या दिवसाची वाट बघत असायची. साहेब नेहमीसारखं म्हणाले, कुणाविषयी मनात गाठ असेल तर आधी ती सोडवून या. नेहमीसारखे आम्ही सगळे खाली बघत बसलो.

अक्का चटईवरून उठली.

"रूथबाई, कुठं?"

"तुम्हीच तर सांगितलाव की."

घरी आली, चूल पेटवली, एकच भाकर थापली. तीही फाटली. तशीच फडक्यात बांधली आणि बस धरली. मी मागं मागं. मला ऱ्हावतंय व्हय!

माणिकभाऊजी दुकानात पंक्चर काढत होते. वर बघितलं.

"कामून आलीस?"

अक्कानं फडकं पुढं केलं. "तुझी भाकर ऱ्हायलीती."

त्यांनी हातातली ट्यूब खाली ठेवली.

"आईच्या मातीला तुला बोलू दिलं न्हाई," ती म्हणाली. "तुझी बी आई हुती. माझं चुकलं, माणिक."

त्यांनी हात पुसले, तुकडा मोडला, चावला.

"वातड हाय की, अक्का."

"वातड हुईल न्हाई तर काय? किती वर्सं झाली थापून!"

ते हसले. मग तेलकट मनगटानंच डोळे पुसले आणि आत हाक मारली, "चटणी आण गं, अक्का आली!"

गावी परत येईस्तोवर पाद्रीसाहेबांची गाडी गेलेली.

मी हळहळले. "अक्का, तुझं प्रभुभोजन हुकलं की."

"हुकलं कुठं? जेवूनच आले."

त्यानंतर ना भाऊजी चर्चला आले, ना अक्का विहारात गेली. पण दर सणाला ते उंबऱ्यावर हजर. "फाटकी हाय का गं एखादी?" म्हणत.

अक्का गेली, तेव्हा गायनं झाली. भाऊजी मागं लांब उभे होते. तेवढ्यात आमचे हे वळले. "दादा, पुढं ये. अक्का सांगून गेलीय, माझ्या मातीला माणिकला अडवू नका."

भाऊजी पुढं आले, हात जोडले. वंदना म्हणताना अर्ध्यात आवाज फाटला. थांबले. परत पहिल्यापासून म्हणाले, शेवटपर्यंत.

तोवर आम्ही सगळे तसेच उभे राहिलो.

आज पहिली भाकर तुझं नाव घेऊन थापली, अक्का. मागणं काही न्हाई, नुसते प्रभूचे आभार. डोळे उघडे ठेवले होते.

सुखानं ऱ्हा.

पीठ कालच दळून आणलंय.