नाळ कापायची वेळ

मूल किती वाजता जन्मलं असं माझ्या सासऱ्यांना विचारलंत, तर ते आधी तुम्हालाच विचारायचे, "जन्म म्हणजे काय धरता आपण?" डोकं दिसलं ती वेळ, पहिलं रडलं ती वेळ, की नाळ कापली ती? शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेला माणूस, त्यात पत्रिका मांडायचा नाद, आणि सगळी हयात नारायण पेठेत गेलेली. त्यांच्या हिशेबात नाळ कापली की जन्म. "तोवर ते मूल आईचाच एक अवयव असतं," म्हणायचे, आणि वर, "पटत नसेल तर दुसरीकडून मांडून घ्या." मी बिबवेवाडीची. आमच्याकडे जन्मवेळ म्हणजे 'दिवेलागणीच्या सुमाराला', विषय संपला. लग्न होऊन आले तेव्हा मला या सगळ्याची गंमतच वाटायची.

माझी मुलगी जवळजवळ दोन महिने आधी यायला निघाली. माझं ब्लडप्रेशर चढलं होतं, सकाळी पाणी गेलं, आणि आम्ही तिघं, म्हणजे मी, नवरा आणि सासरे, रिक्षाने नदीपलीकडच्या मोठ्या हॉस्पिटलात गेलो. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. तिथल्या डॉक्टर वयाने माझ्याएवढ्याच. त्यांनी आम्हा तिघांनाही नीट समजावून सांगितलं. बाळ बाहेर आलं की लगेच नाळ कापणार नाही, निदान मिनिटभर थांबणार. नाळेतून वारेतलं रक्त बाळाकडे जात असतं, आणि वेळेआधी आलेल्या बाळाला तेवढं रक्तही फार मोलाचं असतं. बाळ अगदीच मलूल असेल तर गोष्ट वेगळी, मग ताबडतोब कापून मुलांच्या डॉक्टरांच्या हातात द्यायचं.

"मिनिटभर म्हणजे नक्की किती?" सासऱ्यांनी विचारलं.

"ते बाळ ठरवेल, काका," डॉक्टर हसून म्हणाल्या आणि गेल्या.

सासरे हसले नाहीत. त्यांनी पिशवीतून पंचांग काढलं, चष्मा वर केला, एका ओळीवर बोट ठेवलं आणि तसेच उभे राहिले. मग नवऱ्याला हळूच म्हणाले, "आज दुपारी पुष्य संपतंय. पुढे आश्लेषा."

आता हे काय ते सांगायला हवं. आश्लेषा नक्षत्रावरचं मूल आईबापाला वाईट, असं आमच्यात मानतात. पुस्तकात त्याचे चार भाग पाडलेत, आणि पहिल्या चरणाला दोष नाही असं लिहिलंय. पण सासरे स्वतः आश्लेषाच्या पहिल्या चरणावरचे, आणि ते रांगायला लागायच्या आधी त्यांचे वडील तापाने गेले. हे त्यांनीच मला एकदा सांगितलं होतं, शेंगा सोलता सोलता, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं. त्यांच्या आईने कधी हात उगारला नाही की शब्दाने बोलली नाही. फक्त वडिलांच्या श्राद्धाच्या दिवशी त्यांचं पान बाजूला मांडायची आणि त्यांच्याकडे न बघता वाढायची. "पुस्तकावर माझा विश्वास आहे गं," ते म्हणाले होते, "पण त्या पहिल्या चरणावर नाही." मला त्यांची फार दया आली होती. आता त्याच माणसाची मला भीती वाटायला लागली.

नवरा मात्र हसला. दिवसभर कंप्युटरसमोर बसणारा, गणपतीच्या आरतीलासुद्धा ढकलून उठवावा लागणारा माणूस तो. "बाबा, ती काय तुमच्या शाळेत आहे का, घंटा झाली की बाहेर यायला?" म्हणाला. कळा चालू असताना मीही हसले. देवाशप्पथ, त्या क्षणी मला वाटलं, चला, हा आहे ना बरोबर.

दुपार सरत नव्हती. लेबर रूमच्या दाराबाहेर सासऱ्यांच्या चपलांचा आवाज, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, परत तेच. मध्येच थांबला की मला जास्त भीती वाटायची. नर्सने दोनदा त्यांना खाली जाऊन चहा प्यायला सांगितलं. "चहा नंतर," एवढंच उत्तर. नवरा आत माझ्या डोक्याशी उभा होता, माझा हात हातात घेऊन. पण त्याच्या हाताला घाम सुटला होता, आणि मी जितक्यांदा वर बघितलं तितक्यांदा तो समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता. मी म्हटलं, अरे, माझ्याकडे बघ ना. "बघतोय गं," म्हणाला, आणि घड्याळाकडेच बघत राहिला.

ती आली. एवढीशी. मोठ्याने रडली नाही, नुसती कुरकुरली. डॉक्टरांनी तिला गरम टॉवेलात घेतलं, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "छान. श्वास घेतेय. थांबूया." नाळ अजून उडतेय, असं नर्स म्हणाली. माझ्यातलं रक्त माझ्या पोरीला जातंय, जाऊ दे, सगळं जाऊ दे, असं मी मनातल्या मनात घोकत होते.

तेवढ्यात बाहेरून दारावर थाप पडली. जोरात. "झालं का? अरे, झालं का?"

आणि माझा नवरा म्हणाला, "मॅडम, कापा ना आता."

"मॅडम, प्लीज. आत्ता कापा." त्याचा आवाज मी ओळखला नाही.

"तुम्ही घड्याळ बघा," डॉक्टर मान वर न करता म्हणाल्या, "मी बाळ बघते."

त्या थांबल्या. जेवढं थांबायचं होतं तेवढं थांबल्या आणि मग नाळ कापली. नवऱ्याने माझा हात सोडला. मुलीला काचेच्या पेटीकडे न्यायच्या आधी नर्सने ती आम्हाला दाखवायला आणली, तर हा बाबा भिंतीकडे तोंड करून उभा. मला वाटलं, रडतोय. पहिलटकरीण मी, मला कुठे काय कळतंय!

पुढचे काही दिवस ब्लडप्रेशरमुळे मला वरच्या मजल्यावरून हलू देईनात. मी दूध काढून द्यायचे, नवरा ते खाली पोहोचवायचा. वर आला की सगळं व्यवस्थित सांगायचा, वजन किती, दूध किती पचलं. मी विचारायचे, नाक कुणासारखं आहे? "लहान आहे गं अजून," म्हणायचा. मग एकदा डॉक्टर माझ्याकडे आल्या. बाळाला उघड्या छातीशी धरून ठेवायला हवं, त्याने ऊब मिळते, श्वास मार्गी लागतो. आईला जमत नसेल तर वडिलांनी धरावं, म्हणून त्या रोज सांगत होत्या, आणि हा रोज सर्दीचं कारण देत होता. "तुमच्या मिस्टरांना एवढी सर्दी आहे का हो?" त्यांनी विचारलं. त्याला सर्दीबिर्दी काही नव्हती.

मी भांडून चाकाच्या खुर्चीतून खाली गेले. काचेच्या भिंतीपलीकडे पेट्या होत्या. अलीकडे नवरा उभा होता, काचेला पाठ लावून. दाराच्या फटीतून हात आत घालून त्याने दुधाची वाटी नर्सला दिली, तोंड तसंच जिन्याकडे. तिने काहीतरी सांगितलं, त्याने न वळता मान हलवली. वजन, दूध, सगळं तो असं पाठीमागून ऐकून मला सांगत होता.

मी त्याला नको नको ते बोलले. त्या नर्सेससमोर बोलले. "सत्तावीस दिवस बापाने तोंड बघायचं नसतं, तेवढाच प्रश्न आहे," तो म्हणाला. "आश्लेषा परत आली की शांत करायची, तुपात तोंड बघायचं, की झालं. बाबांच्या समाधानासाठी गं."

"आणि तुझ्या?"

तो जिन्याकडे निघाला.

मी सासऱ्यांनाही सोडलं नाही. "बाहेर आली तेव्हा पुष्यच होतं ना? मग धरा की तीच वेळ!"

"नाळ तुटेपर्यंत ती तुझी होती," ते म्हणाले. डोळे भरले होते त्यांचे. "मला हौस आहे का गं? मला एकच मुलगा आहे."

मुलीला मीच छातीशी धरलं, रोज. ती तगली. घरी आली. आश्लेषाची शांत झाली. होमाचा धूर तिच्या छातीला चालणार नाही म्हणून मी आकांडतांडव करून होम गच्चीवर करायला लावला. काशाच्या वाटीत पातळ केलेलं तूप होतं, मी पोरीला मागून धरलं, आणि नवऱ्याने त्या तुपात तिचं तोंड पहिल्यांदा पाहिलं. ढसाढसा रडला. मग वळून तिला घेतलं ते रात्री झोपेपर्यंत खाली ठेवलं नाही. खरं सांगते, त्यानंतर इतका चांगला बाप मी पाहिला नाही. तिच्या वेण्या तो घालतो, शाळेच्या बसपर्यंत तो सोडतो. मीही विषय मिटवून टाकला.

गेल्या महिन्यात जेवता जेवता त्याच्या छातीत कळ आली. घाम फुटला, डावा हात भरून आला. आम्ही त्याला रिक्षात घालून जवळच्या दवाखान्यात नेलं, पोरही बरोबर, तिला कुणाकडे ठेवणार? त्याला पलंगावर निजवलं, छातीला तारा चिकटवल्या. ती पलंगाजवळच्या पायरीवर चढली आणि तिने त्याचं बोट धरलं, रस्ता ओलांडताना धरते तसंच. डॉक्टर कागदाची पट्टी बघत होते, अजून काही बोलले नव्हते.

त्याने डोळे उघडले. तिच्याकडे बघितलं. आणि बोट सोडवून घेतलं.

"सगळं ठीक आहे, पित्त दिसतंय," डॉक्टर म्हणाले. मी ऐकलं, त्याने ऐकलं. पोरीने नाही ऐकलं. ती आपल्या रिकाम्या हाताकडे बघत होती, मग माझ्याकडे वळली.

"आई," तिने विचारलं, "मी काय केलं?"